कोल्हापूरची महालक्ष्मी कुणाची कोण?

नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून कोल्हापूरच्या महालक्ष्मीला शालू येतो. त्यामागची कथा बहुतेकांना तोंडपाठ असते. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णूने रागावण्याऐवजी त्यांचेच पाय चेपले. लक्ष्मी त्याच्या वक्षःस्थळी राहणारी. आपल्या घराचा अपमान होऊनही नवरा गप्प बसला म्हणून ती रुसली आणि करवीरात येऊन राहिली. या कथेप्रमाणे शालू म्हणजे रुसलेल्या बायकोची नवऱ्याने काढलेली समजूत. पण त्याच कोल्हापुरात दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो, की ही विष्णुपत्नी नव्हेच; ही अंबाबाई, जगदंबा, आदिशक्ती. तिला महालक्ष्मी म्हणावे की अंबाबाई, यावरून शहरात अनेकदा वाद झडले आहेत. बाहेरच्याला हा गावातल्या मानपानाचा प्रश्न वाटेल. त्याच्या मुळाशी मात्र शक्तीविषयीच्या हिंदू विचारातला सर्वांत जुना पेच आहे. शक्ती ही नेहमी कुणाची तरी असते, की आधी ती असते आणि बाकीचे सगळे तिचे? माझ्या मते महाराष्ट्रातली देवस्थाने आणि त्यांच्याशी जोडलेले ग्रंथ दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवतात. देवीचे कुणाची तरी पत्नी असणे हा तिच्या चरित्रातला एक अध्याय आहे, पहिला नव्हे.

आधी मूर्तीकडे पाहू. मूर्ती काळ्या पाषाणाची, उभी, चार हातांची. विष्णूसोबतची लक्ष्मी डोळ्यांपुढे आणली तर हातात कमळे हवीत, दोन्ही बाजूंनी हत्तींचा अभिषेक हवा, निदान एक हात वर देणारा हवा. इथे यातले काही नाही. उजवीकडच्या खालच्या हातात म्हाळुंगाचे फळ आहे आणि वरच्या हातात गदा. डावीकडे वर ढाल आणि खाली पानपात्र, म्हणजे मद्याचा पेला. मागे सिंह. मस्तकावरच्या चिन्हांत परंपरा नाग, लिंग आणि योनी सांगते. रोजच्या पूजेत साडी, दागिने आणि फुलांखाली यातले बरेचसे झाकलेले असते, त्यामुळे वर्षानुवर्षे दर्शन घेणाऱ्यालाही देवीच्या हातात पेला आहे हे ठाऊक नसते. सिंह दुर्गेचा, लिंग शिवाचे, गदा विष्णूची आणि पेला कुठल्याच लक्ष्मीचा नाही. एका देवाची बायको म्हणून ही मूर्ती घडवली असेल, तर शिल्पकाराने जवळजवळ प्रत्येक खूण चुकवली असे म्हणावे लागेल.

शिल्पकार चुकलेला नाही. हे वर्णन या क्रमासह ‘प्राधानिक रहस्य’ नावाच्या छोट्या संस्कृत प्रकरणात आहे. घरोघरी वाचल्या जाणाऱ्या दुर्गा सप्तशतीला शेवटी तीन ‘रहस्ये’ जोडलेली असतात, त्यांतले हे पहिले. पाठ करणारे बरेच जण इथवर येईपर्यंत थकलेले असतात आणि हे प्रकरण भराभर उरकतात. त्यात सांगितलेली सृष्टिकथा मात्र विलक्षण आहे. सर्वांच्या आधी महालक्ष्मी आहे. ती त्रिगुणमयी आहे, दिसणारी आणि न दिसणारीही. सगळे शून्य पाहून ती ते आपल्या तेजाने भरून टाकते. मग तमोगुणातून महाकाली आणि सत्त्वगुणातून महासरस्वती अशी दोन रूपे ती घेते. पुढे तिघीजणी एकेक जोडी उत्पन्न करतात, एक पुरुष आणि एक स्त्री. महालक्ष्मीपासून ब्रह्मा आणि श्री होतात, महाकालीपासून रुद्र आणि त्रयी, म्हणजे वेदविद्या, आणि महासरस्वतीपासून विष्णू आणि गौरी. या जोड्या भावाबहिणींच्या. आता महालक्ष्मी लग्ने लावते: त्रयी ब्रह्म्याला, गौरी रुद्राला, श्री विष्णूला. म्हणजे विष्णूची लक्ष्मी ही या महालक्ष्मीची लेक. कोल्हापुरातल्या दोन्ही पक्षांचे भांडण या एका वाक्याने मिटायला हवे होते, पण कथा रंगतदार असेल तर वंशावळ कोण बघतो? ब्रह्मा, विष्णू, महेश हे इथे जावई आहेत. सासू कुणाची पत्नी आहे, हा प्रश्न त्या ग्रंथाला पडतच नाही.

यावर अभ्यासकाचा पहिला आक्षेप तयार असतो. मूळ देवीमाहात्म्य, म्हणजेच सप्तशती, हे मार्कंडेय पुराणाच्या ८१ ते ९३ या १३ अध्यायांत आहे, ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले मानले जाते, आणि रहस्ये त्याला नंतर जोडलेली आहेत. मग उत्तरकालीन शाक्तांनी आपली देवी वर चढवण्यासाठी रचलेल्या मजकुरावर इतका भार कसा टाकायचा? आक्षेप रास्त आहे. मूर्ती पाहून श्लोक रचला की श्लोक वाचून मूर्ती घडवली, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण दुसऱ्या बाजूने येणारा पुरावा आहे, आणि तो भक्तांच्या ग्रंथातला नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा संजान ताम्रपट इसवी सन ८७१चा. प्रजेवरचे संकट टळावे म्हणून या राजाने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले, असे त्यात नमूद आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जैन धर्माकडे ओढा असलेला राजा देवीपुढे बोट तोडतो, यातली विसंगती तूर्त बाजूला ठेवू. धनधान्य देणाऱ्या, पतीचे पाय चेपणाऱ्या देवीला कुणी स्वतःचे बोट कापून वाहत नाही. नवव्या शतकातल्या दख्खनमध्ये ‘महालक्ष्मी’ हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे जी देवी येई, ती रक्त घेणारी आणि राज्य राखणारी होती. पुढे कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी आपल्या बिरुदावलीत महालक्ष्मीच्या वराने प्रसाद मिळाल्याचे अभिमानाने मिरवले, त्यातही सत्ता देणारी देवताच दिसते. देवळाची मांडणीही पाहा: मध्ये महालक्ष्मी, दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती, आणि गाभाऱ्याच्या वर, माडीवर, शिवलिंग. विष्णुपत्नीच्या देवळाचा हा आराखडा नव्हे.

मागे जावे तितकी ही एकटी उभी असलेली देवी अधिकच एकटी दिसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२५वे सूक्त वाक् आम्भृणी या ऋषिकेच्या नावावर आहे. त्यात वाणी स्वतःविषयी बोलते: देवांना धारण करणारी मी, रुद्रासाठी धनुष्य वाकवणारी मी. आठ ऋचांच्या या सूक्तात तिच्या पतीचा उल्लेख नाही. वैदिक देवींत असे अपवादच, हेही खरे. उषा, अदिती, वाक् सोडल्या तर इंद्राणी, वरुणानी अशी नवऱ्याच्या नावावरून ओळखली जाणारी मंडळीच पुढे येतात. पण जमिनीतून निघणारा पुरावा वेदांवर अवलंबून नाही. दख्खनमध्ये ठिकठिकाणी लज्जागौरीच्या लहान प्रतिमा सापडल्या आहेत. पाय फाकलेली, प्रसूत होणारी, मस्तकाच्या जागी कमळ असलेली ही देवी. शेजारी कुणी देव नाही, हातात शस्त्र नाही, चेहराच नाही तर मुद्रा कुठली? रा. चिं. ढेरे यांनी १९७८मध्ये ‘लज्जागौरी’ या ग्रंथात या प्रतिमांचा धागा वारुळाशी, भूमीशी आणि रेणुका-यल्लम्माशी जोडून दाखवला. त्यांची प्रत्येक जोडणी मान्य करायलाच हवी असे नाही, पण एक गोष्ट नाकारता येत नाही. सर्जन करणारी सत्ता म्हणून जी पुजली गेली, तिला पूर्ण होण्यासाठी जोडीदार लागला नाही. आजही गावाच्या शिवेवरची मरीआई किंवा सटवाई कुणाची बायको आहे, असा प्रश्न गावात कुणी विचारत नाही. भाऊ म्हणून कधी पोतोबा, कधी म्हसोबा जवळ बसवतात, इतकेच. घटस्थापनेचा घटही असाच. परडीत शेतातली माती, त्यात पेरलेले धान्य, वर पाण्याचा कलश; नऊ दिवसांत अंकुर वीतभर होतात आणि तेच देवीचे रूप म्हणून दसऱ्याला टोपीत खोवले जाते. इथे तत्त्वज्ञान कुणी शिकवत नाही. उगवण्याची क्रिया हीच देवी, इतके पुरते.

दुसरा आक्षेप ग्रंथातूनच येतो आणि तो जास्त गंभीर आहे. सप्तशतीच्या मधल्या चरित्रात देवी जन्मते कशी? महिषासुराने हाकललेले देव संतापतात, प्रत्येकाच्या देहातून तेज निघते, ते एकवटते आणि त्यातून देवी होते. शिवाच्या तेजाने मुख, यमाच्या तेजाने केस, विष्णूच्या तेजाने बाहू. मग शिव त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो, हिमालय सिंह देतो, आणि कुबेर देतो मद्याने भरलेले पानपात्र, जे कोल्हापूरच्या मूर्तीच्या हातात अजून आहे. म्हणजे तिची सगळी ताकद पुरुषदेवांकडून उसनी घेतलेली, असे म्हणता येईल. अनेकांनी म्हटलेही आहे. पण ग्रंथाची रचना नीट पाहिली तर हा अर्थ टिकत नाही. राज्य गमावलेला सुरथ राजा मेधस ऋषींना विचारतो, ही देवी कोण आणि ती कशी उत्पन्न झाली. ऋषी सुरुवातीलाच सांगून ठेवतात की ती नित्य आहे. देवांच्या कामासाठी ती प्रकट होते तेव्हा लोकांत ‘जन्मली’ असे म्हणतात. त्याच्याही आधीच्या, मधुकैटभांच्या कथेत विष्णू झोपलेला आहे आणि झोप म्हणजे तीच. ब्रह्मदेव विष्णूला हाक मारत नाही, तिची स्तुती करतो. ती डोळ्यांवरून दूर होते तेव्हा कुठे विष्णू उठतो आणि लढतो. शेवटच्या चरित्रात तर शुंभ हाच आक्षेप तिच्या तोंडावर फेकतो: तू इतरांच्या बळावर लढतेस, गर्व कसला करतेस? उत्तरादाखल ती ब्रह्माणी, वैष्णवी, ऐंद्री या सगळ्या देवशक्तींना स्वतःत विलीन करून घेते आणि एकटी उभी राहते. टीकाकाराचे म्हणणे राक्षसाच्या तोंडी घालून ग्रंथकाराने ते पंधराशे वर्षांपूर्वीच निकालात काढले, यातला मिस्कीलपणा मला आवडतो. केनोपनिषदातही चाल तीच आहे. विजयाने फुगलेल्या अग्नीला गवताची काडी जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही, आणि यामागे कोण आहे हे इंद्राला सांगायला येते ती उमा हैमवती. देवांनी दिलेले तेज हे मुळात त्यांचे नव्हतेच. परत आले, इतकेच.

तिसरा आक्षेप मात्र असा निकालात निघत नाही, कारण तो विरोधकांचा नसून थोरांचा आहे. शैव आणि वैष्णव आचार्यांनी शक्तीला स्वतंत्र मानण्यास नकार दिला तो तिला कमी लेखण्यासाठी नव्हे. पांचरात्र परंपरेतल्या लक्ष्मीतंत्रात लक्ष्मी स्वतःच इंद्राला सांगते की ती विष्णूची ‘अहंता’ आहे, त्याचे मीपण. मीपण वेगळे काढले तर उरेल काय? सांख्यांची अडचण उलटी होती. त्यांनी प्रकृतीला सगळे काम दिले, पण चैतन्य पुरुषाकडे ठेवले. त्यामुळे कर्ती जड झाली आणि चेतन आळशी. शाक्तांनी ही विभागणी मोडली आणि कर्तीलाच चैतन्य मानले. मराठीत या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडले ते ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होण्याचे जे वर्णन आहे, त्यात नाथपंथाचा वारसा सरळ दिसतो: भुकेलेली, शरीरातली धातू गिळत वर चढणारी शक्ती. अमृतानुभवाचे पहिले प्रकरण तर शिव आणि शक्ती यांच्या ऐक्यावरच आहे. तिथे ज्ञानदेव एका घराची कल्पना करतात. घरात दोघेच. धनी झोपला की घरधनीण जागी राहते आणि दोघांचेही असणे तीच चालवते. आणि दोघांतले एक जागे झाले तर घरच उरत नाही. मात्र ते तिला थोरली ठरवत नाहीत. दोघांपैकी एकाला पकडू जावे तर दुसरे हाती लागते, आणि शेवटी दोनपणही गळून पडते. माझ्या म्हणण्याला ही खरी मर्यादा आहे, आणि ती मान्य करायला हवी: तत्त्वज्ञानाच्या शिखरावर ‘आधी कोण’ हा प्रश्न विचारता येत नाही. पण शिखरावर चढण्याआधी ज्ञानेश्वरांनीही जागे राहण्याचे काम कुणाला दिले, हे पाहण्यासारखे आहे.

झोपेवरून तुळजापूर आठवणे अपरिहार्य आहे. तिथली अष्टभुजा भवानी महिषासुरमर्दिनी आहे आणि तिची मूर्ती चल आहे, म्हणजे हलवता येणारी. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवली जाते: शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. सप्तशतीत देवी विष्णूची झोप आहे. तुळजापुरात ती स्वतः झोपते, आणि श्रमनिद्रेत तर युद्धाने थकून. कुणाही देवाच्या सोयीसाठी नव्हे. तिच्या दिनक्रमाचा धनी दुसरा कुणी नाही, हे कर्मकांडाच्या भाषेत याहून स्पष्ट कसे सांगणार? वणीची सप्तशृंगी अठरा हातांची आहे, आणि सप्तशतीच्या दुसऱ्या, वैकृतिक रहस्यात महिषमर्दिनी महालक्ष्मी अठरा भुजांत पुजावी असेच म्हटले आहे. २०२२मध्ये तिच्या अंगावरचे शेंदराचे थर काढल्यावर खडकात कोरलेले मूळ रूप दिसू लागले. महाराष्ट्र तिला साडेतीन पीठांतले अर्धे पीठ म्हणतो. हा हिशोब कसा लागला याची स्पष्टीकरणे अनेक आहेत, त्यातले एकही फारसे पटत नाही.

अलीकडे शक्तीची आणखी एक व्याख्या बाजारात आली आहे. योगवर्ग, शिबिरे, पुस्तके यांतून सांगितले जाते की ममता, अंतर्ज्ञान, ग्रहणशीलता ही स्त्रीऊर्जा, आणि तर्क, आक्रमकता ही पुरुषऊर्जा. दोहोंचा समतोल साधा. ही विभागणी कानाला गोड लागते, पण सप्तशतीला ती ठाऊक नाही. महिषासुराला मारण्याआधी देवी पेला तोंडाला लावते, तिचे डोळे लाल होतात, ती हसते आणि त्याला म्हणते की मी पिऊन होईपर्यंत गर्जून घे. पाचव्या अध्यायात देव तिला नमस्कार करतात तो ‘सर्व प्राण्यांत’ असणाऱ्या तिच्या रूपांना. त्या यादीत बुद्धी, दया, श्रद्धा, शांती आहेत. त्याच बरोबरीने भूक, तहान, झोप, सावली आहेत आणि शेवटाकडे भ्रांतीही आहे. चुकण्याचे सामर्थ्यही तीच. ही यादी स्त्रियांच्या गुणांची नाही. ती जगण्याच्या क्रियांची आहे, आणि त्यात पुरुष, गाय, मुंगी सगळे येतात. शक्तीला ‘स्त्रैण’ गुणांचा संच करून टाकणे म्हणजे तिला पुन्हा कुणाची तरी पूरक बाजू करणे. हे रुसलेल्या लक्ष्मीच्या कथेपेक्षा आधुनिक आहे, पण वेगळे नाही.

मग शेवटचा आणि सर्वांत टोचणारा प्रश्न: देवी इतकी स्वतंत्र असेल तर तिला पुजणाऱ्या समाजात बाई इतकी परतंत्र का? देवी थोर मानल्याने स्त्रीची स्थिती सुधारते, याला इतिहासात आधार नाही. रेणुकेचीच गोष्ट घ्या. जमदग्नीच्या हुकमावरून मुलाने आईचे डोके उडवले ही तिची कथा, आणि माहूरला पूजा होते ती शेंदूर लावलेल्या भल्यामोठ्या मुखाचीच, धड नाही. स्थानिक कथा सांगते की सती गेलेली आई भूमीतून वर येताना परशुरामाने वेळेआधी मागे वळून पाहिले म्हणून मुखच तेवढे बाहेर आले. लज्जागौरीला डोके नाही आणि रेणुकेला धड नाही. ढेरे या दोन्ही रूपांना एकाच देवीकडे नेतात. पितृसत्तेने त्या जुन्या देवीचे काय केले हेही त्यात वाचता येईल. रेणुकेचेच रूप मानल्या गेलेल्या सौंदत्तीच्या यल्लम्माला पोरी वाहण्याची प्रथा थांबवायला मुंबई इलाख्यात १९३४चा, कर्नाटकात १९८२चा आणि महाराष्ट्रात २००५चा कायदा करावा लागला. देवीच्या नावानेच त्या मुली वाहिल्या जात होत्या.

पण यावरून शक्तीची कल्पनाच पोकळ होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती कल्पना विश्व कशाने चालते याचे उत्तर देण्यासाठी घडली. घरात कुणाचे चालावे याचे उत्तर समाजाने दुसरीकडून, स्मृतींतून आणि जमिनीच्या मालकीतून घेतले. दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत याची जाणीव मात्र वेळोवेळी झाली आहे. एप्रिल २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याचा हवाला देत स्त्रियांना मंदिरात अडवता येणार नाही असे स्पष्ट केले. निमित्त शनिशिंगणापूरचे होते, पण त्याच महिन्यात कोल्हापुरातही गाभारा प्रवेशावरून संघर्ष झाला. ब्रह्मा, विष्णू आणि रुद्र यांना जन्म देऊन त्यांची लग्ने लावणाऱ्या देवीच्या गाभाऱ्यात बाईने पाऊल ठेवावे की नाही, यावर तिथे धक्काबुक्की झाली आणि पोलीस बोलवावे लागले. अडवणाऱ्यांनी शास्त्राचा आधार सांगितला. प्राधानिक रहस्यात तो मिळणार नाही.